तलब, तलफ आणि तेंदूपत्ता

तंबाखू मुघल दरबारात पोहोचला तो आपल्या दख्खनमधून. अकबर बादशहाने असद बेग नावाच्या आपल्या एका सरदाराला विजापूरला पाठवलं होतं. इब्राहीम आदिलशहाच्या मुलीचं लग्न शहजादा दानियालशी ठरलं होतं, त्या कामासाठी. पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेलं हे अमेरिकेचं पान तोवर विजापुरात चांगलंच रुळलेलं होतं. उत्तरेत असद बेगने ते कुठे पाहिलं नव्हतं. १६०४-०५च्या सुमारास तो आग्र्याला परतला, तेव्हा नजराण्यात तंबाखू होता आणि सोबत एक जडावाची देखणी चिलीम, तिच्या तोंडाला येमेनचा अकीक. हे सगळं त्याने स्वतः फारसीत लिहून ठेवलं आहे.

बादशहाने विचारलं, हे काय? खान-ए-आझमने सांगितलं की हा तंबाखू, मक्का-मदिनेत सगळ्यांना ठाऊक आहे आणि हुजुरांसाठी औषध म्हणून आणलाय. हिंदुस्थानातली तंबाखूची ही पहिली जाहिरातच म्हणायची. दोन्ही गोष्टी तिच्यात आल्या, पवित्र शहरांचं नाव आणि औषधाचा दावा. अकबराने दोन-तीन झुरके घेतले. तेवढ्यात हकिमाने अडवलं. त्याचं म्हणणं साधं होतं : या वनस्पतीबद्दल आपल्या वैद्यांनी काहीच लिहिलेलं नाही, न पारखलेली वस्तू बादशहाला कशी द्यायची? असद बेग म्हणाला, फिरंगी लोक काही मूर्ख नाहीत, त्यांनी पारखूनच घेतली असेल. आणि जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीनच होती ना! बादशहाला त्याची हजरजबाबी आवडली. पण त्याने स्वतः पुन्हा चिलीम घेतली नाही. दरबारातल्या उमरावांनी मात्र घेतली, मग व्यापाऱ्यांनी विकायला आणली, आणि बघता बघता ती सगळीकडे पसरली.

मी ही गोष्ट वर्गात सांगतो तेव्हा मुलं नेहमी असद बेगच्या बाजूने असतात. त्याचं बोलणं आहेच तसं चटकदार. माझा कौल हकिमाला. ‘सिद्ध कुठे झालंय?’ हा त्याचा प्रश्न होता, आणि त्याचं ठाम उत्तर यायला साडेतीनशे वर्षं लागली. लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण तपासून १९५०मध्ये धूम्रपानाचा संबंध दाखवला. १९६४मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला. निकोटीन हेरॉइनसारखंच माणसाला बांधून ठेवतं, हे त्याच पदावरच्या दुसऱ्या डॉक्टरने अधिकृतपणे लिहिलं ते थेट १९८८मध्ये. मधल्या काळात असद बेगच्या युक्तिवादावर किती माणसं गेली, याचा हिशेब कोण ठेवणार?

अकबराच्या मुलाने बंदी घालून पाहिली. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात लिहितो की तंबाखूमुळे लोकांच्या प्रकृती बिघडतात, म्हणून १६१७मध्ये तो न ओढण्याचा हुकूम काढला. स्वतः दारू आणि अफूत बुडालेल्या बादशहाने हा हुकूम काढावा, हा त्यातला विनोद. इराणात शाह अब्बासनेही अशीच बंदी केली होती. पण जहांगीरचा वकील खान आलम नेमका त्याच वेळी इराणच्या दरबारात होता, आणि त्याला तंबाखूवाचून क्षणभरही राहवत नसे. अखेर शाह अब्बासने एका शेराच्या रूपात त्याला सवलत दिली. दोन साम्राज्यांच्या दोन बंद्या आणि त्यांच्या मधोमध धूर काढत बसलेला एक राजदूत! बंदी घालणारा बादशहाच हा किस्सा मजेत नोंदवतो. आपल्या इतिहासातला निकोटीनचा हा पहिला ठळक रुग्ण असावा, पण त्याला रुग्ण म्हणायचं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

इथे माझ्यातला भाषेचा शिक्षक थोडा आडवा येतो. उर्दूत विडी-तंबाखूची ओढ लागली की ‘तलब लगी है’ म्हणतात. तलब म्हणजे मागणी, शोध. तालिब-ए-इल्म म्हणजे इल्म मागणारा, विद्यार्थी. पूर्वी नोकराच्या पगारालाही तलब म्हणत. मराठीत याच ओढीला आपण ‘तलफ’ म्हणतो. आणि उर्दूत ‘तलफ’ हा वेगळाच शब्द आहे, त्याचा अर्थ नाश. हक्कतलफीतला तो तलफ. व्युत्पत्तीच्या वादात मी शिरत नाही, पण दोन भाषा शिकवणाऱ्याला हा शेजार रोज दिसतो.

उस्मानी तुर्कांकडे याहून कडक प्रयोग झाला. इस्तंबूलच्या मोठ्या आगीनंतर १६३३मध्ये सुलतान चौथ्या मुरादने तंबाखूवर बंदी आणली आणि मोडणाऱ्याला मृत्युदंड ठेवला. माणसं खरोखर मारली गेली. त्या काळचा विद्वान कातिब चलबी लिहितो की शिपाई बाहीत आखूड चिलमी लपवून न्यायचे आणि फाशीच्या ठिकाणीसुद्धा संधी साधून ओढायचे. पुढे शतकाच्या मध्यात शेखुल इस्लाम बहाई एफेंदीने तंबाखूला परवानगी देणारा फतवा दिला. तो स्वतः पक्का ओढणारा होता. उलेमांमध्ये दोन तट पडले. दमास्कसचे अब्दुल गनी नाबुलसी यांनी तो जायज असल्याचं सांगणारं पुस्तक लिहिलं, तर दुसऱ्या बाजूनेही पुस्तकं निघाली. ‘तंबाखू हराम की मकरूह’ हा आपल्या मोहल्ल्यातला वाद नवा नाही, एवढंच सांगायचं आहे. फरक इतकाच की सतराव्या शतकातल्या मुफ्तीपुढे कॅन्सरचे आकडे नव्हते. आजच्या मुफ्तीपुढे आहेत, आणि म्हणूनच मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेने १९९५मध्ये धूम्रपान हराम ठरवलं. ज्या मक्का-मदिनेचं नाव घेऊन अकबरापुढे चिलीम ठेवली गेली, ती दोन्ही शहरं सौदी सरकारने या शतकाच्या सुरुवातीला तंबाखूमुक्त जाहीर केली.

तरीही इतिहासात एक वेळ अशी येऊन गेली की अख्ख्या देशाने एकदम हुक्का खाली ठेवला. मार्च १८९०मध्ये इराणच्या नासिरुद्दीन शहाने मेजर टॅलबट नावाच्या इंग्रजाला देशातल्या सगळ्या तंबाखूचा मक्ता पन्नास वर्षांसाठी देऊन टाकला. बदल्यात दरसाल पंधरा हजार पौंड आणि नफ्याचा चौथा हिस्सा. पिकवणारा इराणी, ओढणारा इराणी, आणि मध्ये कंपनी. शेतकरी, बाजार आणि उलेमा एकत्र आले. जमालुद्दीन अफगाणी यांनी सामर्‍याला राहणाऱ्या मिर्झा हसन शिराझी या सर्वांत मोठ्या मुजतहिदला पत्र लिहिलं. डिसेंबर १८९१मध्ये शिराझींच्या नावाने फतवा आला की या घडीला तंबाखूचा कोणताही वापर म्हणजे इमामाविरुद्ध युद्ध. दुकानं बंद झाली, हुक्के फुटले. शहाच्या जनानखान्यातसुद्धा त्याच्यासाठी हुक्का भरायला कुणी तयार होईना. जानेवारी १८९२मध्ये शहाने मक्ता रद्द केला, फतवा उठला, आणि लोकांनी पुन्हा हुक्के पेटवले.

या घटनेकडे इतिहासकार साम्राज्यविरोधी लढा म्हणून बघतात, ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तंबाखूचं सुटणं जवळपास दीड-पावणेदोन महिने टिकलं. निकोटीनची शारीरिक ओढ पहिल्या तीन दिवसांत सर्वांत तीव्र असते आणि तीन-चार आठवड्यांत बरीचशी ओसरते, असं आजचं वैद्यकशास्त्र सांगतं. म्हणजे फतवा उठला तेव्हा लाखो इराणी देहाने मोकळे झालेले होते! आणि तरी ते परतले. कारण त्यांनी सोडलं होतं ते मक्त्यासाठी. मक्ता गेला, कारण संपलं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ.

गोंदिया १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला, पण विडीचा गोंदिया त्याहून खूप जुना. त्याची मुळं दोन गोष्टींत, रेल्वे आणि जंगल. नागपूर-छत्तीसगड मार्ग आधी आला. मग १९०३ ते १९०५ दरम्यान गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अरुंद रुळांची सातपुडा रेल्वे गेली. मार्गाच्या दोन्ही अंगांना तेंदूचं जंगल. गुजरातेत १८९९-१९००चा मोठा दुष्काळ पडल्यावर चरोतरकडची पटेल मंडळी पोटापाण्यासाठी मध्य प्रांतात आली. तंबाखूची जाण त्यांना घरातूनच होती. जबलपूर, गोंदिया, भंडारा, कामठी या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. जर्दा गुजरातेतून आणि आपल्या निपाणीकडून यायचा, पान इथलं, आणि वळणारे हातही इथलेच. त्यातच स्वदेशीची चळवळ आली. विलायती सिगारेटवर बहिष्कार, मग ओढायचं काय? विडी! ती स्वदेशी ठरली, देशभक्त ठरली. विडीचा विरोध करायला नंतर एवढा संकोच का वाटत राहिला, त्याचं एक मूळ इथे आहे.

विडीने या भागाला काय दिलं, ते नाकारून चालणार नाही. विडीच्या व्यवसायातले मनोहरभाई पटेल यांनी १९५८मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली. जिल्ह्यातल्या कित्येक घरांतला पहिला पदवीधर तिच्या महाविद्यालयांतून निघाला. म्हणजे विडीच्या भागातून पुस्तकंही आली. पण दुसरी बाजू वळणाऱ्यांची. सकाळी तेंदूचं पान भिजवायचं, फर्मा ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, गुंडाळून दोरा बांधायचा. हजारामागे मजुरी. सट्टेदाराकडे माल नेला की ‘छाट’ निघते, म्हणजे खराब ठरवलेल्या विड्या, त्यांचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. कारखान्यातून काम घरात आलं तसं ते बायकांचं झालं. मुस्लिम मोहल्ल्यांत तर घराबाहेर न पडता होणारं काम म्हणून ते आणखी पक्कं बसलं. त्या बायका विडी ओढत नाहीत. पण तंबाखूची भुकटी श्वासातून जातेच, आणि सुपातल्या जर्द्याशेजारी बाळ झोपलेलं असतं.

कामठीचे बाबू हरदास एल. एन., ज्यांच्यामुळे ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ झालं, त्यांनी १९३०च्या दशकात विडी कामगारांना संघटित केलं आणि सहकारी पद्धतीने विडीचं काम सुरू करून पाहिलं. १९३७मध्ये ते प्रांतिक कायदेमंडळात निवडून गेले. दोनच वर्षांत, पस्तिशीत, क्षयाने वारले.

या पट्ट्याच्या विडीचा एक खटला तर कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने १९४८मध्ये कायदा केला की शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विडी वळायला बंदी करता येईल, कारण शेतीला मजूर मिळत नव्हते. सागर जिल्ह्यात तसा हुकूम निघाला. चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५०मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरवला. शेतात जाऊ न शकणारे म्हातारे, अपंग, बायका यांची रोजी तुम्ही कशी तोडता, असा न्यायालयाचा रोख होता. तेव्हा भंडारा-गोंदियाही त्याच प्रांतात होते. राज्यघटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं आणि व्यवसायाच्या मूलभूत हक्काचा अर्थ विडीवरून ठरत होता! पुढे १९६६चा विडी-सिगार कामगार कायदा आला, १९७६मध्ये उपकर आणि कल्याण निधीचे कायदे झाले. त्या निधीतून विडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. उपकर २०१७मध्ये जीएसटीबरोबर संपला.

म्हणून गोंदियात उभं राहून ‘विडी सोडा’ म्हणणं पुण्या-मुंबईइतकं सोपं नाही. मे महिन्यात पहाटे तीन-चारला उठून देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला जाणारी बाई वाघा-अस्वलाची भीती बाळगून जाते. ती दुपारी अंगणात सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधते. त्या पंधरा-वीस दिवसांच्या पैशांवर शाळेचे गणवेश, बियाणं, एखादं लग्न अवलंबून असतं. वनहक्क कायद्याने २००६मध्ये तेंदूपत्ता गौण वनोपज म्हणून ग्रामसभांच्या मालकीचा केला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण पान शेवटी जातं कुठे, तर विडीतच. विडी ओढणारा रिक्षावाला किंवा हमाल आणि पान तोडणारी बाई, दोघं गरीब. एकाचा श्वास आणि दुसरीची चूल समोरासमोर उभी केली की प्रश्न सुटत नाही. सरकारचंही मन यात दुभंगलेलं असतं. जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५मध्ये विडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं, कामगारांचं नाव पुढे करून. कामगारांना मदत करायचे दुसरे मार्ग नव्हते का? विडी स्वस्त ठेवली की वळणारीची मजुरी वाढते, हे मला तरी कुठे दिसलेलं नाही.

आणि एक मोठा गैरसमज. विडी छोटी, पानाची, नैसर्गिक, म्हणून सिगारेटपेक्षा सौम्य, असं आपल्याकडे सर्रास मानतात. विडीत तंबाखू कमी असतो हे खरं. पण ती विझत राहते म्हणून माणूस जोरात आणि जास्त वेळा ओढतो. निकोटीन, टार, कार्बन मोनॉक्साइड यांच्या बाबतीत ती सिगारेटच्या मागे नाही.

गंमत अशी की गोंदियातल्या तरुणाने विडी बऱ्यापैकी सोडली आहे. त्याच्या हातात आता खर्रा आहे. सुपारी, तंबाखू, चुना एका पन्नीत टाकून घोटलेला, रबर लावलेला पुडा. छत्तीसगडच्या सीमेकडच्या बायकांत दात घासायच्या निमित्ताने गुडाखू. महाराष्ट्राने २०१२मध्ये गुटख्यावर बंदी आणली, पण खर्रा आधीपासून होताच, तो पानठेल्यावर डोळ्यांदेखत घोटला जातो. केंद्र सरकारच्या २०१६-१७च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ ३.८ टक्के, आणि तंबाखू चघळणारे, लावणारे, घासणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखू सोडण्याचा प्रश्न मुख्यतः तोंडातल्या तंबाखूचा आहे. धूर नाही, म्हणून बायकोला वास नाही, मास्तरांना दिसत नाही, मशिदीच्या पायरीपर्यंत तोंडात ठेवता येतो. तोंड पुरतं उघडेनासं होतं, जेवणातलं तिखट सोसवत नाही, तेव्हा कळतं. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्येच सांगितलं आहे.

मग सुटतं कसं? आपल्याकडे रमजान ही दरवर्षी येणारी संधी आहे. चौदा-पंधरा तास एक थेंब पाणी नाही, तिथे विडी-खर्रा कुठला! निकोटीनचं रक्तातलं प्रमाण दर दोनेक तासांनी निम्मं होत जातं, म्हणजे इफ्तारपर्यंत शरीर जवळजवळ रिकामं. दिवसभर चिडचिड होते, डोकं दुखतं, आपण म्हणतो रोजा लागला. पुष्कळदा तो रोजा नसतो, तलफ असते. आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा खजुराच्या पाठोपाठ विडी पेटवायचे, मग मगरिबला धावायचे. शहाच्या काळातल्या इराण्यांसारखंच ते. अमुक वेळेपर्यंत सोडलंय, हे मनाला आधीच सांगितलेलं. त्याच चाचांनी एका वर्षी मशिदीतल्या चार जणांबरोबर ठरवून इफ्तारनंतरचीही बंद केली. पहिले तीन दिवस तरावीहला उभं राहणं जड गेलं, असं ते सांगत. पाच जणांतले तीन टिकले. चाचा त्यात होते. दोघं ईदच्या दिवशीच परत गेले, आणि त्यातला एक पुढच्या वर्षी पुन्हा आला व या वेळी टिकला. पहिल्याच प्रयत्नात सुटणारे थोडे असतात, हे दवाखान्यातले लोकही सांगतात. परतलेल्या माणसाला ‘बघा, म्हटलं होतं ना’ असं म्हणणारे मात्र प्रत्येक पानठेल्यावर भेटतात.

इच्छाशक्तीच्या गप्पा फार झाल्या. तलफेची एक लाट पाच-दहा मिनिटांची असते, ती उतरते. तेवढ्यात पाणी, चालणं, वुजू, कुणाशी बोलणं, काहीही चालतं. जास्त घेणाऱ्याला निकोटीनचं च्युइंगम किंवा पट्टी यांचा उपयोग होतो. ते डॉक्टरला विचारून घ्यावं, त्यात शरमेचं काही नाही. १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे, त्यावर समुपदेशक बोलतात आणि नंतर स्वतः फोन करून विचारपूसही करतात. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत समुपदेशनाची सोय असते. चिठ्ठी काढायला लागते तेवढीच अडचण. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६मध्ये मुक्तांगण सुरू केलं तेव्हापासून मराठीत एक भाषा तयार झाली, की व्यसनी माणूस बिघडलेला नसतो, आजारी असतो. दारूबाबत ती भाषा आपण थोडीफार शिकलो. तंबाखूबाबत अजून नाही. कारण तंबाखू खाऊन कुणी गटारात पडत नाही.

आणि शेजारच्या गडचिरोलीचं बघावं. तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने, शासनाच्या साथीने, ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखूमुक्तीचं काम गेली काही वर्षं चाललं आहे. त्यात गावं स्वतः ठराव करतात की दुकानात खर्रा विकायचा नाही. विकला तर दंड गावाचा. मुरादच्या फाशीपेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण इथे पहारा देणारीही गावातलीच बाई असते, जिच्या घरातला पैसा खर्ऱ्यात जात होता. तेंदूपत्ता तोडणारी तीच, खर्रा बंद करणारीही तीच.

आमच्याकडे शाळांना तंबाखूमुक्त शाळेचे निकष आहेत. फलक लागतो, मुलं शपथ घेतात, फोटो अपलोड होतो. कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, म्हणून रस्त्यावर पिवळी रेघ ओढतात. मागच्या वर्षी सातवीच्या मुलांनी टेप धरून स्वतः अंतर मोजलं. रेघ पंचवीस पावलं अलीकडे पडली होती, ठेला आतच येत होता. मुलांनी रेघ योग्य जागी पुन्हा ओढली. ठेलेवाल्याचा मुलगा त्याच वर्गात आहे, टेपचं दुसरं टोक त्यानेच धरलं होतं. ठेला आता रेघेच्या पलीकडे, चौकात असतो, आणि संध्याकाळी तिथे पूर्वीइतकीच गर्दी असते.